पेरणीनंतर वावरात घोरपड दिसली तर

आर्द्रा लागल्या, पेरण्या आटोपत आल्या की धुऱ्यावर घोरपडी दिसू लागतात. हिवाळाभर बिळात, झाडाच्या ढोलीत निपचित पडून राहणारा हा प्राणी पावसाळ्यात मोकळा हिंडतो. मादीचे अंडी घालायचे दिवसही हेच. भुसभुशीत जमीन नाहीतर वारूळ उकरून ती वीस-पंचवीस अंडी घालते, माती लोटून तोंड बुजवते आणि चालती होते. पिल्लं निघायला सहा ते आठ महिने लागतात. तेव्हा धुऱ्यावरचं वारूळ जेसीबी लावून सपाट करायचं मनात असेल, तर राहू द्या.

पिल्लं बहुतेक झाडावरच राहतात. मोठी घोरपड जमिनीवर चरते, पण कुत्रं मागे लागलं की कडुनिंबावर सरसर चढते. आपण खोडाभोवती फिरलो की तीही पलीकडच्या बाजूला सरकते, समोर येतच नाही. दगड मारू नका, कुत्रं बांधा. ती आपोआप उतरून जाईल.

उकिरड्याजवळ ती दुभंगलेली जीभ लपलपवत वास घेत फिरते आणि नख्यांनी उकरून भुंगेरे, अळ्या, विंचू, उंदराची पिल्लं खाते. हुमणीचा, म्हणजे मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळीचा, सगळा बंदोबस्त तिच्या भरवशावर टाकू नका. पहिल्या पावसानंतर अंधार पडताच कडुनिंब, बाभूळ, बोरीच्या फांद्या हलवून भुंगेरे पाडा आणि रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवा. हे काम गावाने मिळून केलं तरच त्याला अर्थ.

कोंबड्यांची अंडी, लहान पिल्लं मात्र ती उचलते, ही तक्रार खरी आहे. खुराड्याला बारीक लोखंडी जाळी लावा, खालून उकरता येऊ नये म्हणून ती वीतभर जमिनीत गाडा. नायलॉनची जाळी नको, त्यात घोरपडी आणि साप अडकून मरतात.

तिला विषारी समजून मारतात, ते चूक. डिवचलं तर शेपटीचा फटकारा देते, कोंडीत धरलं तर चावते. चावलीच तर जखम साबणाने धुऊन आरोग्य केंद्रात दाखवा. सांधेदुखीवर तिचं तेल म्हणाल तर निव्वळ थाप, आणि तिकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती असल्याने शिकारीला किमान 3 वर्षांची कैद, ती 7 वर्षांपर्यंत वाढू शकते.

बिनकठड्याच्या विहिरीत पडलेली दिसली तर हाताने काढायला उतरू नका. खडबडीत सालीची लांब फांदी तिरपी सोडा आणि बाजूला व्हा. तेवढ्याने जमलं नाही तर वनविभागाच्या 1926 क्रमांकावर फोन करा.