उडता पक्षी शार्प का येत नाही? खानदेशातल्या पाणथळांवर शिकताना

पक्ष्यांचे फोटो काढायला नव्याने लागलेली मुलं मला पहिला प्रश्न लेन्सचा विचारतात. ‘दादा, 150-600 घेऊ की 200-500?’ (हे लेन्सच्या लांबीचे मिलिमीटर; आकडा मोठा तितका पक्षी जवळ दिसतो.) मी त्यांना आधी कार्डातले धूसर फोटो दाखवायला सांगतो, डिलीट करायच्या आधीचे. उडता पक्षी धूसर येण्याची कारणं चार आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. कारण न ओळखता शटर (फोटो किती कमी वेळात टिपायचा तो वेग) वाढवणं, मोड बदलणं, कर्ज काढून लेन्स घेणं यात नवख्यांची वर्षं जातात. म्हणून सेटिंगच्या आधी हे निदान शिकायचं.

फोटो शंभर टक्के झूम करून बघा. पक्षी मऊ, पण मागचं गवत, पाण्यावरची लाट किंवा त्याचीच शेपटी खणखणीत असेल, तर फोकस चुकीच्या जागी बसला. डोकं स्वच्छ आणि पंखांची टोकं फरफटलेली असतील, तर शटर कमी पडलं. सगळीच फ्रेम एका दिशेने सरकलेली, कडा दुहेरी, तर हात हलला. (पक्ष्याबरोबर लेन्स फिरवत असाल तर मागचं आडवं ओढलं जाणारच, त्याला दोष देऊ नका.) चौथं कारण ओळखायला अवघड, आणि खानदेशात सगळ्यात जास्त फोटो तेच खातं: फ्रेममध्ये कुठेच काही शार्प नसतं, पिसांचा पोत गायब, कडा विरघळल्यासारख्या, आणि एकाच बर्स्टमध्ये (बटन दाबून धरून सलग काढलेल्या फोटोंत) एक फ्रेम बरी तर पुढची मऊ. हा कॅमेऱ्याचा दोष नव्हे. मधली हवा हलते आहे.

जमीन तापली की तिच्यालगतची हवा तापून वर चढते. गरम-थंड थरांतून येताना प्रकाश वाकतो आणि लेन्सपर्यंत चित्र थरथरतच पोचतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा हे नुसत्या डोळ्यांनाही दिसतं. पण जानेवारीतसुद्धा, नांगरून ठेवलेल्या काळ्या रानावरून किंवा डांबरी रस्त्यावरून आडवी लेन्स धरली, की ऊन वर आल्यावर तोच प्रकार सुरू होतो. हिवाळ्यातल्या पहाटे उलटं घडतं: पाणी हवेपेक्षा उबदार असतं आणि पाण्यावरून वाफ उठते. अशा हवेत ऑटोफोकससुद्धा पुढे-मागे शोधत बसतो, त्यामुळे दोष फोकसचाच वाटतो. लांब लेन्स इथे मदतीला येत नाही, ती पक्ष्याबरोबर थरथरही मोठी करते.

यावर सॉफ्टवेअरचा इलाज नाही. अंतर कमी करा, कारण मधे हवा जितकी कमी तितकी थरथर कमी. ऊन चढण्याआधी काम उरका. नंतरही थांबायचं असेल तर आडवं, दूरचं सोडून द्या आणि डोक्यावरून जाणारे जवळचे पक्षी टिपा. वर बघताना तापलेल्या जमिनीलगतचा थर मधे येत नाही. गाडीतून फोटो काढणाऱ्यांनी इंजिन बंद करून काचा खाली घ्याव्यात आणि आतली-बाहेरची हवा सारखी होईपर्यंत थांबावं. थंडीत गाडीतली ऊब खिडकीतून बाहेर पडते ती थेट लेन्ससमोरच. आणि लेन्सच्या तोंडावर स्वस्तातला यूव्ही फिल्टर असेल तर तो काढून एकदा तुलना करून बघा.

आता शटर. हा हिशेब एकदा कागदावर केला की कायमचा डोक्यात बसतो. पक्षी ताशी 36 किलोमीटरने समोरून आडवा जातो असं धरा, म्हणजे सेकंदाला 10 मीटर. 1/1000 सेकंदात तो एक सेंटिमीटर सरकतो, 1/2500 मध्ये चार मिलिमीटर. त्याच्याबरोबर लेन्स फिरवली तर धड वाचतं, पण पंख वर-खाली होतात ते वेगळेच, आणि टोकाचा वेग सगळ्यात जास्त. म्हणून तरंगणाऱ्या घारीला 1/1250 पुरतं, बगळे आणि चक्रवाकांना (नारिंगी रंगाची बदकं) मी 1/2000 ठेवतो, सुरयाला (पाण्यात सूर मारून मासे पकडणारा पक्षी) 1/2500, आणि पाकोळ्यांना 1/3200 च्या खाली येत नाही.

एवढं शटर ठेवलं की सकाळच्या प्रकाशात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, वाढली की फोटोत दाणे येतात) 1600, 3200 पर्यंत जातो आणि नवखे तिथेच घाबरतात. घाबरू नका. दाणेदार फोटो आजची सॉफ्टवेअर बरीच सावरतात, हललेला फोटो कुणी सावरू शकत नाही. माझी पद्धत साधी: मॅन्युअल मोड, शटर आणि अॅपर्चर (लेन्सचं छिद्र, एफ/ आकड्याने सांगतात) आपल्या हातात, आयएसओ ऑटो. उजळ आकाशावर गडद घार असेल तर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायचं सेटिंग) अधिक एक ते दीड, सावलीतल्या पाण्यावर पांढराशुभ्र बगळा असेल तर उणे पाऊण. काही जुन्या बॉडींत मॅन्युअलमध्ये ऑटो आयएसओला कॉम्पेन्सेशन देता येत नाही. तिथे आयएसओसुद्धा हातानेच ठेवा.

अॅपर्चरबद्दल एकच हिशेब सांगतो. क्रॉप (लहान) सेन्सरची बॉडी, 500 मिमी, एफ/6.3, पक्षी 20 मीटरवर: शार्प पट्टा साधारण 40 सेंटिमीटरचा. तोच पक्षी 10 मीटरवर आला की पट्टा 10 सेंटिमीटरवर येतो. घारीचे पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत दीड मीटरच्या आसपास भरतात. ती तिरकी वळली असेल तर दोन्ही टोकं शार्प मिळण्याची अपेक्षाच चूक. डोळा शार्प हवा, बाकीचं जमेल तेवढं. प्रकाश भरपूर असेल तर एफ/8 वर या.

फोकस मोड सतत मागे लागणारा हवा: कॅननमध्ये एआय सर्व्हो, निकॉन आणि सोनीत एएफ-सी. फोकसचं काम शटर बटनावरून काढून मागच्या बटनावर द्या. आठवडाभर अंगठा गोंधळतो, मग सवय होते. मोकळ्या आकाशावर रुंद एरिया चालतो. मागे बाभळी, लव्हाळे किंवा पलीकडचा काठ असेल तर तोच रुंद एरिया मागच्या गोष्टीवर उडी मारतो, तेव्हा मधल्या बिंदूभोवतीचा लहान गट घ्या. मधे काही आडवं आलं तर फोकसने किती वेळ धीर धरायचा याचं सेटिंग बहुतेक बॉडींत असतं, ते धीराच्या बाजूला झुकवा. लेन्सवर फोकस लिमिटर (फोकस किती अंतरात शोधायचा ते ठरवणारं बटन) असेल तर दूरच्या पल्ल्यावर ठेवा. 2020 च्या कॅनन आर-5 पासून पुढच्या कित्येक मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडी पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतात आणि हे काम खरोखर हलकं झालं आहे. पण डोळा शोधणारा कॅमेराही हलत्या हवेपुढे तितकाच लाचार असतो.

माझ्या मते सेटिंगपेक्षा मोठी गोष्ट आहे पक्षी लवकर धरण्याची. तो डोक्यावर आल्यावर कॅमेरा उचलला तर फोकस त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत तो गेलेला असतो. लांब असतानाच धरायचा. नजर पक्ष्यावरून न हलवता कॅमेरा डोळ्यापाशी आणायचा. झूम लेन्स असेल तर 200 वर शोधायचा, फ्रेममध्ये आला की 500 वर जायचं. आधीच साधारण त्याच अंतरावरच्या खांबावर किंवा झाडावर फोकस करून ठेवला तर लेन्सला लांबचा फेरा पडत नाही. फोकस सुटला तर बटन दाबून धरून वाट बघू नका, सोडून पुन्हा दाबा. आणि पाय जिथून पक्षी येतो तिकडे नकोत, जिथे फोटो काढायचा आहे तिकडे वळवून उभे राहा. सुरुवातीला कंबर पिळलेली राहू द्या, शेवटी मोकळी होईल. उलटं उभं राहिलात तर ऐन वेळी शरीर अडतं आणि हात हलतो.

शिकायला पक्षी कोणता घ्यावा? रेल्वेच्या पुलावर सुसाटणाऱ्या पाकोळ्यांवर कुणी सुरुवात करू नये. पहिला पक्षी म्हणून मी कापशी घार सुचवतो. हरभऱ्याच्या, गव्हाच्या रानात विजेच्या तारेवर ती बसलेली असते. करडी-पांढरी, खांद्यावर काळा डाग, लालभडक डोळा. शिकार दिसली की हवेत एका जागी पंख मारत थांबते, आणि त्या वेळी धड हलतं, पंख हलतात, पण डोकं खिळ्याने ठोकल्यासारखं जागच्या जागी असतं. लाल डोळ्यावर बिंदू ठेवा आणि 1/1000, 1/1600, 1/2500 असे तिन्ही काढा. घरी येऊन पंखांची टोकं शेजारी शेजारी लावून बघितलीत की शटर म्हणजे काय ते सांगायला कुणी लागणार नाही. कवड्या खंड्याही पाण्यावर असाच थांबतो, पण तो लहान आणि त्याचा सूर फार वेगाचा.

त्यानंतर साध्या घारी. जळगाव, भुसावळ, धुळे, कुठेही मासळी बाजाराजवळ त्या दिवसभर घिरट्या घालतात आणि तुमच्याकडे लक्षही देत नाहीत. लेन्स लहान असणाऱ्यांसाठी याहून चांगली शाळा नाही, 55-250 सुद्धा इथे पुरते. मग नांगरणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे उतरणारे गायबगळे. शेतमालकाला आधी रामराम करून विचारा, बहुतेक जण हौसेने परवानगी देतात. धुळे-साक्रीकडच्या माळांवर हिवाळ्यात येणारे भोवत्ये (शिकारी पक्षी) गवताला लगटून उडतात, त्यांच्यामागे पार्श्वभूमी कायम चिकटलेली. ती परीक्षा नंतरची.

पाणपक्ष्यांसाठी आपल्याकडे हतनूरसारखी जागा नाही. तापीवरच्या या 41 दरवाज्यांच्या धरणाचं बॅकवॉटर वर पूर्णेच्या संगमाकडे, चांगदेवपर्यंत पसरलेलं आहे आणि पक्ष्यांसाठी महत्त्वाचं क्षेत्र म्हणून त्याची नोंद आहे. हिवाळ्यात चक्रवाक, पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले रानहंस), नाना तऱ्हेची बदकं येतात. माझा जीव मात्र नदी सुरयावर आहे. हा पक्षी मान खाली घालून पाण्याच्या एका पट्ट्यावर जातो, टोकाला वळतो, तोच पट्टा धरून परत येतो. दोन फेऱ्या नुसत्या बघा, कॅमेरा खाली ठेवून. तिसऱ्या फेरीला तो कुठे वळणार हे तुम्हाला ठाऊक असतं, आणि वळताना त्याचा वेग कमी होतो, तोंड तुमच्याकडे येतं. फोटो त्या वळणाचा घ्यायचा. सूर मारण्याचा फोटो सगळ्यांना हवा असतो, पण तो या वळणाची सवय झाल्यावरच हाती लागतो.

वारा कुणी शिकवत नाही म्हणून इथे सांगतो. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उतरतो आणि उडतानाही वाऱ्याकडे तोंड करूनच उठतो. वारा आणि ऊन दोन्ही तुमच्या पाठीशी असतील तर पक्षी तुमच्याकडे तोंड करून, उजेड डोळ्यात घेऊन येतो. थंडीत सकाळचा वारा बरेचदा पूर्व-ईशान्येचा आणि सूर्यही पूर्वेला, म्हणून पाण्याच्या पूर्व काठाला पाठीशी ऊन घेऊन बसायचं. हतनूरच्या काठावर जाळं आवरणाऱ्या एका मच्छीमार काकांनी मला एकदा म्हटलं, ‘भाऊ, वारं पलटलं. आता ते या आंगानं उतरतीन.’ त्यांनी पाण्यावरच्या बारीक लहरींकडे बोट दाखवलं, लहरींची दिशा खरोखर बदलली होती. थोड्या वेळाने चक्रवाकांची जोडी, पाय पुढे काढून, त्याच बाजूने आली. तेव्हापासून काठावर पोचलो की मी आधी लहरी बघतो, कॅमेरा नंतर उघडतो.

थवा उडावा म्हणून दगड मारणारे, टाळ्या वाजवणारे, होडी थव्यात घालणारे लोक दिसतात. पट्टकादंब हिमालय ओलांडून इथे येतात, पुढच्या परतीच्या प्रवासाला लागणारी चरबी याच दिवसांत साठवतात. त्यांना उठवणं म्हणजे ती खर्च करायला लावणं. शिवाय दचकलेला पक्षी तुमच्यापासून दूर पळतो, हाती पाठमोरे पंख लागतात. नंदुरबारकडे रानपिंगळ्यासाठी (एक दुर्मिळ लहान घुबड) जाणाऱ्यांना तर विशेष विनंती. 1884 नंतर खात्रीची नोंद नसलेला हा पक्षी 1997 मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला. त्याला बोलावण्यासाठी मोबाइलवर आवाज वाजवू नका.

आणि उन्हाळ्यात, मार्चपासून पुढे, पाणी उतरून तापीत वाळूची बेटं उघडी पडली की सुरय तिथे वाळूतच अंडी घालतात. अंडी वाळूच्याच रंगाची, पायाखाली आली तरी कळत नाहीत, आणि मादी उठली की त्या उन्हात अंडी फार वेळ टिकत नाहीत. त्या दिवसांत बेटावर पाय ठेवायचा नाही. काठावरून, सकाळी लवकर, हवा हलायला लागायच्या आत मिळेल तेवढं घ्यायचं आणि नऊच्या आत घरी परतायचं.