जबडा सैल सोड

माझं गाणं मिरजेत दहाव्या वर्षी सुरू झालं. बाईंनी पहिले सहा महिने मला षड्जाच्या, म्हणजे सा च्या, वर फारसं जाऊच दिलं नाही. सकाळी साडेपाचला तानपुरा लावायचा, षड्जापासून मंद्र पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातल्या प पर्यंत) उतरायचं आणि एकेक स्वर श्वास पुरेल तितका वेळ धरायचा. शेजारच्या खोलीत मोठ्या मुली भूप रागाच्या ताना घ्यायच्या. माझा सगळा जीव तिकडे असायचा.

त्या अधीरतेची किंमत गाण्याच्या मध्यमा पूर्ण परीक्षेच्या वेळी मोजली. परीक्षेआधी महिनाभर रोज दोन-दोन तास द्रुत ताना घोटल्या. तार गंधाराला (वरच्या सप्तकातल्या ग ला) पोचताना मान वर, जबडा आवळलेला, गळ्याची शीर फुगलेली. शेवटी आवाज बसला. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं, तर स्वरतंतूंना सूज होती. माझा षड्ज पेटीच्या काळी चारवर, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीवर. त्या षड्जावर हे तंतू सेकंदाला सुमारे 208 वेळा मिटतात-उघडतात आणि तार षड्जावर त्याच्या दुप्पट. तेवढ्या वेळा ते एकमेकांवर जोराने आपटत होते. पंधरा दिवस गाणं बंद.

बाई घरी आल्या, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "जोर कुठे लागतोय ते आधी शोध. आवाज गळ्यातून काढायचाच नाही, श्वासावर सोडायचा." मग आरसा समोर ठेवून रियाज सुरू झाला. ओठ मिटून गुणगुणायचं, पोटावर हात ठेवून श्वास खाली उतरतोय का पाहायचं आणि ज्या स्वरावर हनुवटी पुढे येते तिथेच थांबून एक स्वर खाली यायचं. वर जाण्याची घाई करायची नाही. नवीन शिकणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच सांगते: आरशाशिवाय रियाज करू नका. स्वर बिघडला तर कानाला कळतं, पण स्वर बरोबर लागत असताना शरीर कुठे आवळलंय ते कानाला कळत नाही.

पियानो पुण्यात सव्विसाव्या वर्षी शिकायला घेतला. पेटीची सवय होती, त्यामुळे सोपं जाईल असं वाटलं. पण तीच सवय आड आली. पेटीवर सूर हवा असेतो पट्टी दाबून धरावी लागते आणि आवाजाचा लहानमोठेपणा भात्यावर असतो. पियानोत तो पट्टी किती वेगाने खाली जाते त्यावर ठरतो. हातोडी तारेवर आदळून लगेच मागे येते. त्यानंतर सूर टिकवायला पट्टी नुसती खाली असली की पुरे, जास्त रेटून काहीच होत नाही. मी रेटत राहायचे. तीन महिन्यांत कोपरापर्यंत हात दुखायला लागला.

सर एकदा वाजवताना मध्येच थांबवून म्हणाले, "सूर आला ना? मग अजून कुणाला दाबतेयस? आणि जबडा सैल सोड." मी हात थांबवला. दात खरंच घट्ट मिटलेले होते. बारा वर्षांपूर्वी तानेत आवळायचा तोच जबडा!

त्या दिवसापासून दोन्ही रियाज मला एकच वाटायला लागले. पियानोतली सी मेजर ही स्वरमाला म्हणजे आपला सगळ्या शुद्ध स्वरांचा बिलावलच. उजव्या हाताने सा-रे-ग पहिल्या तीन बोटांनी वाजवून अंगठा तळहाताखालून मध्यमावर (म वर) आणायचा. इथे जवळजवळ प्रत्येकाचं मनगट झटका खातं. मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवा, एका ठोक्याला एक सूर, आणि झटका जाईपर्यंत वेग वाढवू नका. हात वेगवेगळे बसवा, मगच एकत्र. वीस मिनिटं सकाळी, वीस संध्याकाळी. सलग दोन तासांपेक्षा याचा फायदा जास्त.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने वेगळी ठेवा. गाण्याचा रियाज कीबोर्डवर करू नका, तानपुऱ्यावरच करा. पियानोतला गंधार तानपुऱ्यात आपसूक उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका. वर्षभर त्याच्या जोडीने गायलात तर गळ्याला तोच बसतो, आणि मग भूपात गंधारावर थांबलं की कुठेतरी टोचत राहतं. पेटीबद्दलची जाणकारांची जुनी तक्रारही हीच.

वाद्य घेताना वजनदार पट्ट्यांचा, 88 पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या. हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर बोटांना वजन सोडायची सवय लागत नाही. पियानोच्या ग्रेडच्या (टप्प्याटप्प्याच्या) परीक्षा जरूर द्या, पण वर्षभर तेच तीन तुकडे घोटणारा वर्ग असेल तर तो सोडा.

गेल्या महिन्यात मोबाइलवर स्वतःचं वाजवणं चित्रित केलं आणि आवाज बंद करून पाहिलं. जबडा आता सैल असतो. अंगठा मध्यमावर येताना उजवा खांदा मात्र बोटभर वर उचलला जातो. सध्या मेट्रोनोम पुन्हा 50 वर आणलाय.