हानबोकचे रंग कसे वाचावेत

हानबोक या पारंपरिक कोरियन पोशाखातला प्रत्येक रंग सुटा घेऊन त्याचा अर्थ शोधू गेल्यास फसगत होते, कारण तोच रंग अंगरख्यावर एक सांगतो आणि बाहीच्या टोकाला दुसरेच.

आधी ‘ओबांगसेक’, म्हणजे पाच दिशांचे रंग, लक्षात घ्यावेत. पूर्वेचा निळा, दक्षिणेचा लाल, पश्चिमेचा पांढरा, उत्तरेचा काळा आणि मध्याचा पिवळा असे ते असून त्यांच्याशी अनुक्रमे लाकूड, अग्नी, धातू, पाणी आणि माती ही तत्त्वे जोडलेली आहेत. पूर्वेच्या रंगात हिरवाही सामावतो, कारण कोरियन भाषेतला ‘फुरुदा’ हा शब्द आकाशालाही लागतो आणि गवतालाही. लहान मुलांच्या बाह्यांवर अशा रंगांचे पट्टे जोडतात. त्यांना ‘सेक्दोंग’ म्हणतात आणि ते अरिष्ट दूर ठेवतात अशी श्रद्धा आहे.

मग ‘चोगोरी’ हा आखूड अंगरखा आणि ‘छिमा’ हा छातीपासून उतरणारा घोळदार घागरा यांची जोडी पाहावी. रूढ संकेतानुसार लाल छिमेवर पिवळी चोगोरी अविवाहित मुलीची असते, तर हिरवी चोगोरी नववधूची. आजच्या लग्नात वरमाई बहुधा निळसर आणि वधूची आई गुलाबी छटेचा हानबोक नेसते. म्हणून पाहुणीने हानबोक निवडताना नवरीची हिरवी-लाल जोडी टाळून सौम्य छटा घ्यावी.

सर्वांत बारकाईने पाहावेत ते काठ. जोसॉन राजघराण्याच्या काळात (१३९२–१९१०) चोगोरीचे जांभळे बंद पती हयात असल्याचे सांगत आणि बाहीच्या टोकाची गडद निळी पट्टी मुलगा असल्याचे. मला हा भाग सर्वांत बोलका वाटतो आणि तितकाच बोचतो, कारण स्त्रीची ओळख येथे पती आणि मुलगा यांच्यावरून ठरते.

पांढऱ्याला लगेच शोकाचा रंग मानू नये. सामान्य कोरियन माणसे रोजच इतके पांढरे कपडे घालत की ‘शुभ्र वस्त्रांचे लोक’ हीच त्यांची ओळख झाली होती. शोक ओळखायचा तो कापडावरून: सुतकातले कपडे हेम्पच्या, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या, धाग्याचे, खरखरीत आणि न रंगवलेले, म्हणून किंचित पिवळट असत.

दरबारी पोशाखात रंग हा अधिकाराचा प्रश्न होता. जोसॉनचे राजे सोनेरी ड्रॅगनची लाल वस्त्रे वापरत, कारण पिवळा चीनच्या सम्राटाचा मानला जाई. १८९७ साली राजे गोजोंग यांनी स्वतःला सम्राट घोषित केल्यावर त्यांच्या अंगावर पिवळे वस्त्र आले.

संग्रहालयात जुना पोशाख पाहताना रंगद्रव्याचाही विचार करावा. जुना लाल रंग बहुधा करडईच्या फुलांचा असे. आपण जिच्या बियांचे तेल काढतो तीच ही करडई. पाकळ्यांतला पिवळा रंग आधी पाण्याने धुऊन टाकावा लागे आणि मग राखेच्या क्षारयुक्त पाण्यात लाल उतरे. इतक्या कष्टाने मिळालेला हा लाल उजेडात फार लवकर विटतो, म्हणून काचेआडची फिकट गुलाबी छिमा एके काळी गडद लाल असू शकते, हे गृहीत धरूनच तिचा अर्थ लावावा.