सर्व्हरचं नाव पंधरा अक्षरांत बसवा

लिनक्समध्ये होस्टनेमला, म्हणजे मशीनच्या नावाला, 64 अक्षरं चालतात, डीएनएसमध्ये (नावावरून नेटवर्कवरचा पत्ता शोधणारी यंत्रणा) दोन टिंबांमधल्या भागाला 63. पण लिनक्सवरच्या फाइली विंडोजला दाखवणारा सांबा हा प्रोग्राम नाव 15 वरच कापतो. म्हणजे ‘सोलापूर-अक्कलकोटरोड-1’ आणि ‘-2’ (इंग्रजी स्पेलिंगमध्ये) विंडोजवाल्यांना एकच दिसतात आणि भांडतात.

1. गावाऐवजी रेल्वेचा स्टेशन कोड घ्या: सोलापूरचा एसयूआर. ‘एसयूआर-एकेआर-बिल-01’ इंग्रजीत 14 अक्षरांत बसतं.
2. फक्त अक्षरं, अंक, मधे हायफन. अंडरस्कोअर नको.
3. ‘होस्टनेम’ कमांडचं उत्तर ‘डब्ल्यूसी -सी’ या मोजणीच्या कमांडला देऊन मोजा, आकड्यातून एक वजा करा, ओळ संपल्याची खूणही तो मोजतो.

नाव बदललंत की ‘ईटीसी’ फोल्डरमधली ‘होस्ट्स’ फाइलही लगेच बदला. नाहीतर प्रत्येक सुडोला (अॅडमिनच्या अधिकारानं कमांड चालवताना) ‘होस्ट सापडत नाही’ अशी कुरकुर सुरू.