विमानाच्या वेळेचा हिशोब: या चुका टाळा

मुंबई ते न्यूयॉर्कचं जेएफके विमानतळ, हवाई अंतर सुमारे 12,530 किलोमीटर. विमानाचा वेग ताशी 900 धरून भागाकार केला की 14 तास येतात. थेट विमानाला जाताना मात्र 16 तासांच्या आसपास लागतात, आणि येताना दीड-दोन तास कमी. भागाकार बरोबर आहे, चूक आहे ती एकच वेग धरण्यात. विमान उडतं त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते तोंडावर येतात, येताना पाठीशी असतात. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग आणि वळसेही धरा. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा त्यांच्या पश्चिमेकडच्या फेऱ्यांचा वेळ वाढला होता. म्हणून अंतरावरून अंदाज बांधू नका, तिकिटावरचा प्रवासकाळ पाहा.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मार्ग आखणंही फसवं. पट्टी अरबस्तान, आफ्रिकेवरून जाते. पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळचा मार्ग मात्र उत्तरेला 65 अंश अक्षांशाजवळ, स्कँडिनेव्हियाकडून वळतो. हेच अंतर कुठे 7,790 दिसलं तर ते मैल, 6,770 दिसलं तर नॉटिकल मैल. किलोमीटरसाठी अनुक्रमे 1.609 आणि 1.852 ने गुणा.

सगळ्यात जास्त गोंधळ घड्याळाचा. तिकिटावर सुटण्याची आणि पोचण्याची वेळ आपापल्या गावची असते. समजा, जानेवारीत मुंबईहून रात्री 1:30 ला निघून न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी 7:00 ला पोचायचंय. लोक म्हणतात, साडेपाच तासांत अमेरिका! हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. तिथले 7:00 म्हणजे इथले संध्याकाळचे 5:30, म्हणजे प्रवास 16 तासांचा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत हाच फरक साडेनऊ तासांचा होतो.

दुबईमार्गे गेलं की फार लांबून जावं लागतं, हाही गैरसमजच. दोन टप्पे मिळून सुमारे 12,950 किलोमीटर, म्हणजे वाढ जेमतेम 400 ची. वेळ खातो तो मधला थांबा. तिकीट घेताना तो आधी बघा.

आता खान्देशातून निघणाऱ्यांची महागात पडणारी चूक. तिकिटावर ‘15 तारीख, 1:30’ असेल तर ते 14 च्या मध्यरात्रीनंतरचं विमान. 14 च्या रात्री जळगावहून गाडी धरली तर विमान निघून गेलेलं असेल. विमानतळावर 14 ला रात्री 10 पर्यंत पोचायचं आणि जळगाव-मुंबई रेल्वेला साडेसहा ते आठ तास लागतात, तर 14 ची सकाळचीच गाडी धरा. कल्याणला उतरलात तर पुढे संध्याकाळच्या गर्दीत दोन तास हाताशी ठेवा. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने येणाऱ्यांनी पावसाळ्यात कसारा घाटासाठी आणखी वेळ धरावा. नंदुरबारकरांना सुरतमार्गे येणारी, बोरिवलीला थांबणारी गाडी सोयीची, तिथून विमानतळ जवळ पडतं.