न्यूयॉर्कचं रेंट स्टॅबिलाइज्ड घर सबलेट करताय? चावी देण्याआधी हे वाचा

आई-बाबांसाठी सात-आठ महिने पुण्याला जायचंय आणि जॅक्सन हाइट्समधलं रेंट स्टॅबिलाइज्ड, म्हणजे भाडेवाढीवर सरकारी मर्यादा असलेलं कमी भाड्याचं घर सोडवत नाहीये, तर प्लीज मित्राच्या हातात चावी ठेवून विमानात बसू नका. मालकाला न विचारता सबलेट केलं, म्हणजे आपलं भाड्याचं घर काही काळ दुसऱ्याला भाड्याने दिलं, तर घर कायमचं हातचं जाऊ शकतं.

बिल्डिंगमधे चार किंवा जास्त घरं असतील तर सबलेटसाठी परवानगी मागायचा हक्क कायद्याने तुमचाच आहे, लीजमधे "सबलेट चालणार नाही" असं छापलेलं असलं तरी. फक्त फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर विचारलेलं धरत नाहीत, मालकाला पत्र सर्टिफाइड मेलने, म्हणजे पोचपावती मिळणाऱ्या टपालानेच पाठवायचं आणि पोचपावती जपून ठेवायची. पत्रात कोण राहणार, त्याचा घरचा आणि कामाचा पत्ता, किती महिने, तुम्ही का जाताय, तिकडचा तुमचा पत्ता, लीजवर दुसरं कुणी असेल तर त्याची लेखी संमती, शिवाय तुमच्या लीजची आणि नव्या सबलीजची कॉपी, हे सगळं हवं. मालक १० दिवसांत जास्तीची माहिती मागू शकतो, आणि ३० दिवसांत काहीच बोलला नाही तर ती परवानगीच समजली जाते, म्हणून तिकीट काढायच्या आधीच पत्र टाका.

भाडं कायदेशीर भाड्याइतकंच घ्यायचं, फर्निचरसकट दिलं तर वर १० टक्के, बस. जास्त घेतलंत तर त्या जास्तीच्या पैशांच्या तिप्पट परत द्यायची वेळ येऊ शकते, आणि आपल्याच माणसाला लुबाडायचं तरी कशाला! चार वर्षांत दोनच वर्षं सबलेट चालतं आणि परत यायचा तुमचा खरा इरादा पाहिजे.

आता जो राहायला येतोय त्याच्यासाठी. सबलेटवर राहून लीज तुमच्या नावावर होत नाही, रिन्यूअलचा हक्क मूळ भाडेकरूचाच. लीज पूर्ण नावावर करून घ्यायची म्हणजे असाइनमेंट, तिथे मालक कारण न देता नाही म्हणू शकतो, मग मूळ भाडेकरूला फार तर ३० दिवसांची नोटीस देऊन लीजमधून सुटता येतं.

घरच्यांचं वेगळं आहे. नवरा-बायको, मुलं, आई-वडील, सख्खी भावंडं, सासू-सासरे दोन वर्षं सोबत राहत असतील (ज्येष्ठ किंवा अपंग असतील तर एक वर्ष) तर भाडेकरू गेल्यावर घर त्यांना मिळू शकतं. आपण चुलत भावालाही भाऊच म्हणतो पण त्या यादीत चुलत-मावस नाहीत, भाचे-पुतणेही नाहीत. एकत्र राहत असाल तर बँकेचे कागद, लाइटबिल, टॅक्स रिटर्न सगळं याच पत्त्यावर येऊ द्या, आणि आजपासूनच.