फर्लर अडकला की आधी वर बघा

मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी शिडाच्या बोटींच्या कामाला लागलो, त्याला आता चार वर्षं होतील. गेटवेसमोर मूरिंगवर, म्हणजे पाण्यातच बांधून, उभ्या असलेल्या आणि पावसाळ्याआधी वर काढलेल्या बोटी, एवढंच माझं कामाचं जग. नवीन पोरं येतात आणि पहिल्याच महिन्यात कुणीतरी त्यांना जुन्या फर्लरसमोर, म्हणजे पुढचं शीड तारेभोवती गुंडाळणाऱ्या यंत्रणेसमोर, उभं करतं. म्हणून हे लिहितोय. जिब (पुढचं शीड) कुठलं, हॅलियार्ड (शीड वर चढवायचा दोर) कुठला, डोलकाठीवर कसं चढायचं, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

माझ्या वाट्याला आलेली बोट ३१ फुटी, फायबरची, ऐंशीच्या दशकातली. फर्लरच्या ड्रमवरचं, म्हणजे खाली दोर गुंडाळतात त्या चाकावरचं, नाव उन्हाने पार खाल्लेलं. मालक म्हणाले, "कुठल्या कंपनीचा आहे ते बघ आणि पार्ट मागव." मी मोबाइलवर दोन तास फोटो चाळत बसलो. वेळ फुकट गेला, कारण फोटोत सगळे ड्रम सारखेच दिसतात.

ओळख पटते ती व्हर्नियरने. आधी फोरस्टेची, म्हणजे बोटीच्या नाळेपासून (पुढच्या टोकापासून) डोलकाठीला वर जाणारी तार मोजा. ६ मिमी किंवा ७ मिमी नेमकी आली तर माल बहुतेक युरोपातला, ६.३५ आली तर ती पाव इंच, म्हणजे अमेरिकी मापाची. खालच्या पिनचंही तसंच, १२ आणि १२.७ मधला फरक डोळ्याला दिसत नाही, पण पिन बसत नाही तेव्हा कळतो. मग फॉइलचं, म्हणजे त्या तारेवर चढवलेल्या खाचेच्या नळीचं, टोक कागदावर ठेवून पेन्सिलने त्याचा आकार काढा, खाचेची रुंदी लिहा. आणि बेअरिंग बघा. उघडे छर्रे असतील, काळसर प्लास्टिकसारखे, तर हार्केनच्या पद्धतीचा. त्याला ग्रीस लावायचं नाही, गोड्या पाण्याने धुवायचं. बेअरिंग सीलबंद आणि वर टोकाला हॅलियार्ड गुंडाळू न देणारी टोपी असेल तर प्रोफर्ल. स्वीडनचा फर्लेक्स ग्रीस मागतो, तेही ड्रम आणि स्विव्हल (वरचा फिरता सांधा) दोन्हीकडे. फॉइल लवचीक प्लास्टिकचं आणि हॅलियार्ड त्याच्या पोटातून जात असेल तर तो सीडीआय. हे चार प्रकार ओळखता आले तरी पुष्कळ झालं. माझा सीलबंद निघाला.

खोलताना घाई नको. अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये स्टेनलेसचे स्क्रू वर्षानुवर्षं खारं पाणी पीत बसलेले असतात. भोवती पांढरी पावडर दिसली की समजा, स्क्रू आता स्क्रू राहिलेला नाही. आदल्या संध्याकाळी तेल सोडा, सकाळी हीट गनने फॉइल तापवा, मग इम्पॅक्ट ड्रायव्हर. मी पहिला स्क्रू साध्या पान्याने फिरवायला गेलो आणि डोकं उडवलं. उरलेला भाग ड्रिलने काढण्यात अख्खा शनिवार गेला. परत बसवताना दोन धातूंच्या मध्ये गंज अडवणारी पेस्ट लावाच. तांब्याचं ग्रीस मात्र नको, अॅल्युमिनियमला ते आणखी खातं. उघड्या छर्‍यांचा ड्रम असेल तर खाली परात धरा आणि छर्रे मोजून ठेवा. सीलबंद बेअरिंगच्या कडेवर नंबर असतो. माझ्या नंबरचं मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला तिसऱ्या दुकानात मिळालं.

इथे एक बोलून घेतो. सायकलच्या दुकानातले लोखंडी छर्रे घालून काम भागवणारे उस्ताद तुम्हाला भेटतील. "दोन सीझन जातात" म्हणतात. जातात, पण तिसऱ्या सीझनला बोलावणं तुम्हाला येतं, त्यांना नाही.

इतकं सगळं केलं. ड्रम हातात घेऊन फिरवला की पंख्यासारखा फिरत होता. मी खूश. आणि खरी चूक यापुढे झाली.

फेब्रुवारीतली दुपार, वायव्येचा वारा चढत होता. आम्ही प्राँग्ज दीपगृहाच्या अलीकडे होतो. मालक म्हणाले, जिब निम्मं गुंडाळ. मी दोर ओढला, दोन वेढे आले आणि अडकलं. मला वाटलं, बेअरिंग नवीन आहे, थोडं जड जाणारच. दोर विंचवर, म्हणजे दोर ताणायच्या चरखीवर, टाकला आणि हँडल मारलं. आणखी अर्धा वेढा. पुन्हा मारलं. वरून "कट्" असा आवाज आला.

बोटीवर उरणजवळच्या करंजाचे एक जुने तांडेल होते, सगळे त्यांना काका म्हणतात. ते मागून ओरडले, "वर बग ना, वर! खाली काय बगतंस?"

वर बघितलं. हॅलियार्ड फॉइलच्या टोकाभोवती वेलीसारखा गुंडाळला गेला होता.

हे नीट समजून घ्या, कारण तीन वेळा वाचलं तरी मला ते कळलं नव्हतं. स्विव्हलचे दोन भाग. खालचा भाग शिडाला बांधलेला, तो शिडाबरोबर फिरतो. वरचा हॅलियार्डला, त्याने स्थिर राहायचं. पण त्याला स्थिर धरणार कोण? फक्त हॅलियार्ड, आणि तोही किंचित मागे, डोलकाठीकडे ओढत असेल तरच. हॅलियार्ड आणि फोरस्टे यांच्यात साधारण ८ ते १० अंशांचा कोन लागतो. कोन नसेल, हॅलियार्ड फोरस्टेला समांतर चालत असेल, तर वरचा भागही फिरतो आणि हॅलियार्ड तारेला आवळतो. आता खाली तुम्ही ड्रम फिरवताय आणि वर फॉइल बांधलेलं. पीळ जातो कुठे? आतल्या तारेत. १९ धाग्यांची तार उलट पिळली की सुटते, सुटलेला धागा तुटतो. बाहेर काही दिसत नाही, तार फॉइलच्या आत. आणि डोलकाठीला मागे पडू न देणारी समोरची तार तीच.

आमच्या बोटीवर कोन का नव्हता? आधीच्या मालकाने जुनं जिब फाटल्यावर दुसऱ्या बोटीचं घेतलं होतं, उंचीला कमी. शीड पूर्ण चढवलं तरी स्विव्हल फॉइलच्या टोकाच्या सव्वा मीटर खाली थांबायचं. तिथून हॅलियार्ड तारेला चिकटूनच वर जायचा. बेअरिंग बदललं काय, नाही बदललं काय, हे होणारच होतं. मी ड्रम धुतला, पुसला, वर एकदाही बघितलं नाही.

काकांनी बोट वाऱ्याकडे पाठ करून उरणच्या बाजूला सोडायला लावली, म्हणजे फोरस्टेवरचा ताण उतरतो. स्पिनेकर या फुगणाऱ्या मोठ्या शिडाचा मोकळा हॅलियार्ड नाळेवर आणून डोलकाठीला आधार म्हणून घट्ट बांधला. मग ड्रमचा दोर सैल सोडून शीड उलगडलं, वरचे वेढे आपोआप सुटले, शीड डेकवर उतरवलं. इंजिनवर परत. नंतर डोलकाठी उतरवून फॉइल काढलं तेव्हा वरच्या टोकापाशी १९ पैकी ४ धागे तुटलेले.

दुरुस्ती म्हणाल तर हास्यास्पद सोपी. तार नवीन, ती खर्चाची. पण मूळ दोषावरचा उपाय म्हणजे शिडाचं टोक आणि स्विव्हल यांच्यामध्ये १.१५ मीटरचा तारेचा तुकडा. शीड नेहमीच्या ताणाने चढवा, बाजूने मोबाइलने झूम करून फोटो काढा, अंतर मोजा. स्विव्हल फॉइलच्या टोकाच्या ५ ते १० सेंमी खाली यायला हवं, टोकाबाहेर कधीच नाही. एवढं करूनही कोन पडत नसेल तर डोलकाठीवर हॅलियार्डला मागे धरणारी कडी बसवतात.

घाबरू नका. फर्लर हे घड्याळ नाही, डोकं शाबूत ठेवलं तर कुणालाही जमतं. पण अडकलेला दोर विंचवर टाकलात तर मी तुमच्याशी बोलणार नाही. आणि गुरू निवडताना ज्याच्याकडे महागडी पेटी आहे त्याच्यामागे जाऊ नका. काकांकडे एक पक्कड आणि सुतळी असते.

एक राहिलं. शीड पूर्ण गुंडाळल्यावरही ड्रमवर दोराचे तीन-चार वेढे शिल्लक हवेत, कारण जोराच्या वाऱ्यात गुंडाळी घट्ट होते आणि दोर जास्त लागतो. आणि शीड उलगडताना तो दोर हातात हलका रोखून धरा, नाहीतर ड्रमवर एकावर एक चढतो. हे मी अजूनही अधूनमधून विसरतो. मग काका काही बोलत नाहीत, नुसते वर बघतात.